घर तुझ्यावर नाही, ताई

वाटूर, ता. परतूर, जि. जालना

ती. ताईस,

हे पत्र छापायला देतोय, कारण दुसरा इलाज राहिला नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर दोन निळ्या खुणा येतात आणि मागोमाग ‘रात्री बोलते’. कोणत्या रात्री, ते येत नाही. छापलेला कागद मात्र तू सोडणार नाहीस. समोर आला की शेवटच्या ओळीपर्यंत तपासायचा आणि चूक सापडली की पेनानं गोल करायचा, ही तुझी लहानपणापासूनची खोड. तुझं नाव यात नाही, तुझ्या कंपनीचंही नाही, तेव्हा एच.आर.ची भीती नको. आणि हे तुझ्या एकटीपुरतं आहे असंही मला वाटत नाही. रात्री वाटूर फाट्यावर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत बॅगा घेऊन जी पोरं-पोरी उभी राहतात, वाटूरची, मंठ्याची, परतूरची, त्यांच्या घरच्यांनीही वाचलं तर बरं.

मी रागावलोय. तू रागावलेल्या माणसाला आधी शांत करतेस आणि मग मुद्दा बाजूला पडतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गेल्या सप्टेंबरात तू ऑफिसात चक्कर येऊन पडलीस. दवाखान्यात ठेवावं लागलं. आम्हाला हे दिवाळी उलटून गेल्यावर कळलं, तेही तुझ्या फ्लॅटवरच्या मैत्रिणीच्या तोंडून निसटलं म्हणून. घरी सांगायचं नाही अशी तू तिला शपथ घातली होतीस. त्याच बोलण्यात तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्या दृष्टीनं कौतुकाची. डॉक्टर म्हणाले, महिनाभर सुट्टी घ्या. तू म्हणालीस, ‘सुट्टी कशी घेऊ, माझ्यावर घर आहे.’

ताई, घर तुझ्यावर नाही. घर इथं वाटूरला आहे आणि त्याच्यावर स्लॅब आहे. स्लॅबचे निम्मे पैसे तुझे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण ते घर तुझ्या मानेवर ठेवायला आम्ही कधी सांगितलं? अण्णांनी सांगितलं? आईनं? आईला तर तू नेमकं काय काम करतेस हेही सांगता येत नाही. कुणी विचारलं की म्हणते, ‘मोठ्या कंपन्यांचे हिशेब बघती.’ आता तू पार्टनर व्हायच्या रांगेत आहेस हे मी तिला सांगितलं, तर तिला वाटलं कुणाबरोबर भागीदारीत दुकान टाकायलीस. चांगली जागा बघून टाक म्हणाली.

तू चार्टर्ड अकाउंटंट आणि मी फाट्यावर खत-बियाणं विकणारा. पोट दोघांचंही खतावणीवर, तेव्हा खतावणीच्याच भाषेत बोलू. तू आमच्या नावानं एक खातं उघडून बसली आहेस. त्यात दर महिन्याला भरणा होतो, पण बाकी काही कमी होत नाही. ते खातं कधी उघडलं ते मला पक्कं माहीत आहे.

२०१२ च्या पावसानं दगा दिला आणि २०१३ चा उन्हाळा आला. त्या दुष्काळात आख्ख्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवायला बघितली. ज्यांचा पैसा आधी संपला त्यांच्या बागेत कुऱ्हाड आधी चालली. आपली बाग अण्णांनी एप्रिलात तोडली. तू पुण्यात आर्टिकलशिप करत होतीस आणि सुट्टीला आली होतीस. अंगणात लाकडाचा ढीग पडला होता. अण्णा कुणाशी बोलत नव्हते. तूही बोलली नाहीस. पुढच्या महिन्यापासून तुझ्या तुटपुंज्या विद्यावेतनातले पैसे घरी यायला लागले. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. अण्णा खचलेले, मी लहान, म्हणून कुणाला न विचारता घरातलं कर्तेपण तू उचललंस. त्या वेळी ते कुणीतरी उचलायलाच हवं होतं, आणि तू उचललंस म्हणून आपण तगलो. याबद्दल माझी तक्रार नाही, कधी नसेल.

माझी तक्रार त्यानंतरच्या वर्षांची आहे.

२०२० साली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या यादीत अण्णांचं नाव लागलं. आधार प्रमाणीकरणासाठी अण्णांचा अंगठा मशीनवर लागत नव्हता, बोटं घासलेली. दोन-तीनदा पुसून पुसून लावला तेव्हा कुठं लागला. बँकेनं ‘नो ड्यूज’चा दाखला दिला आणि मी तिथूनच तुला फोन केला. मला वाटलं, रडशील, निदान हसशील तरी. तू म्हणालीस, ‘बरं झालं. आता बोअरचं बघू.’

बोअर झालं. मग ट्रॅक्टर, मग स्लॅब, मग माझं लग्न थाटात व्हायला हवं म्हणून मंगल कार्यालय. बँकेनं अण्णांना मोकळं केलं, सरकारनं केलं, तू करत नाहीस. एक देणं फिटलं की तू दुसरं शोधून काढतेस, आणि सापडलं नाही तर तयार करतेस. आपल्या भागात सावकार नाव ज्याला पडतं तो असंच करतो. फरक एवढाच की तू सावकारही आहेस आणि कुळही तूच. वसुलीचा तगादा तुझा तुलाच लागलेला आहे, आणि चावडीवर नाव घेतेस आमचं.

लोक म्हणतात, गावाच्या अपेक्षांनी पोरं मोडतात. काही घरांत मोडत असतीलही. लातूरच्या शिकवण्यांना पोरांना घालून दरवाज्याबाहेर बसणारे आईबाप मीही पाहिलेत. आपल्याकडे काय झालं ते आठव. तू सीए झालीस तेव्हा फाट्यावर फ्लेक्स लागला, सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं, शाळेत भाषण झालं, ‘गावाचं नाव काढलं’ असं तीन-चार जणांनी म्हटलं. मृगाच्या आधीच्या वावटळीत फ्लेक्स फाटला, आणि कुणीतरी तो नेऊन कडब्याच्या गंजीवर झाकला. तुझा पासपोर्ट फोटो कितीतरी दिवस गंजीवरून आकाशाकडे बघत होता. गावाची अपेक्षा एवढ्याच मुदतीची असते, ताई. पावसाळा आला की त्याला दुसरी कामं असतात. दहावीत ९४ टक्के पडले तेव्हा पेढे आम्ही वाटले आणि राहिलेल्या सहा टक्क्यांसाठी तू कोठीत जाऊन रडलीस. ते सहा टक्के गावानं मागितले नव्हते.

आता पुण्यातलं बोलू. तुला वाटेल, या खेडवळाला काय कळतंय. पण सप्टेंबर २०२४ पासून मी तुमच्या धंद्याबद्दल येणारं सगळं वाचत आलोय, भीतीपोटी.

ॲना सेबॅस्टियन पेरायिल. केरळची मुलगी, २६ वर्षांची, तुझ्यासारखीच सीए. मार्च २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगमध्ये रुजू झाली, पहिलीच नोकरी, आणि जुलैमध्ये गेली. तिच्या आईनं, अनिता ऑगस्टीन यांनी, कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना पत्र लिहिलं आणि ते देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणानं जीव गेला हे कंपनीनं मान्य केलं नाही, हेही नोंदवतो. एका बाजूचंच सांगितलं तर तू तिथंच पेनानं गोल करशील. पण त्या आईच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःच्या कमाईनं आईवडिलांना आपल्या पदवीदान समारंभाला आणायचं, हे त्या पोरीचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. विमानाची तिकिटं तिनंच काढली. ते पुण्याला आले तेव्हा तिच्या छातीत आवळल्यासारखं होत होतं. डॉक्टरला दाखवलं, ईसीजी ठीक निघाला. झोप पुरत नाही, जेवण अवेळी होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतरही ती कामावर गेली, कारण काम खूप होतं आणि रजा मिळणार नव्हती.

विमानाची तिकिटं वाचली आणि मला तू दिसलीस. तू आईला शिर्डीहून विमानानं हैदराबादला नेलं होतंस ना, तेव्हा सगळ्या प्रवासात तुझ्या मांडीवर लॅपटॉप होता. आई अजून सांगते, विमानातसुद्धा पोरीला सोडलं नाही मेल्यांनी.

ॲनाच्या प्रकरणानंतर कामगार खात्याचे अधिकारी तिच्या कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात तपासणीला गेले, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती असं निघालं. मला हसावं का रडावं कळेना. माझ्या बारा फुटी दुकानात बियाण्याचा परवाना वेगळा, खताचा वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा, आणि तिन्ही दर्शनी भागात टांगलेले नसले तर तालुक्याहून आलेला माणूस वहीवर शेरा मारतो.

सप्टेंबर २०२४ मध्येच केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईजवळच्या एका कार्यक्रमात कंपनीचं नाव न घेता बोलल्या. ताण सोसायचं आतलं बळ मुलांना घरानं द्यायला हवं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. टीका झाली, त्यांनी खुलासाही केला. माझं दुखणं वेगळं आहे. तुम्ही दमलात की कारण घर, आणि तुम्ही मोडलात तरी कारण घरच. तू म्हणतेस माझ्यावर घर आहे म्हणून थांबता येत नाही. दिल्लीवाले म्हणतात घरानं नीट शिकवलं नाही म्हणून सोसत नाही. मधल्या मध्ये जो तुला रात्री अकराला फोन करून सकाळी नऊला फाईल मागतो, त्याचं नाव कुठंच येत नाही.

आणि वरची मोठी माणसं काय म्हणतात? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख सुब्रह्मण्यन नव्वदवर गेले. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारलं. अण्णांना मी ते वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, ‘याला दुभत्या म्हशी दे दोन. तास मोजायचा सोडील.’

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक हिशेब मांडला होता. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी. एका २०१६ सालात लांब तासांपायी जगभर ७ लाख ४५ हजार माणसं गेल्याचा त्यांचा अंदाज आहे. तू आकड्यांवर विश्वास ठेवतेस म्हणून आकडे लिहिले. तुझे तास किती ते मी विचारणार नाही, कारण खरं तुझ्या टाइमशीटमध्येही नाही.

हे मला तुझ्याच तोंडून कळलंय. एका वर्षी महालक्ष्म्यांना आली होतीस तेव्हा हसत सांगितलं होतंस. प्रत्येक कामाला तासांचं बजेट ठरलेलं असतं, त्याच्यावर तास दाखवले की वरचा विचारतो, तुला वेळ का लागला. म्हणून चौदा तास बसायचं आणि नऊ लिहायचे. खालच्या पोरांनाही तेच शिकवायचं. मी तेव्हा तुझ्याबरोबर हसलो. आता वाटतं, हसण्यासारखं काय होतं त्यात? दुसऱ्यांच्या वह्यांतली खोट काढणं हा तुझा धंदा. एका कंपनीनं साठा जास्त दाखवला म्हणून तू तीन दिवस भांडलीस, सही करणार नाही म्हणालीस, आम्हाला अभिमान वाटला. आणि स्वतःच्या आयुष्याच्या नोंदीवर दर आठवड्याला खोटी सही करतेस.

कायद्याचंही मी बघितलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे तू पडलीस त्याच महिन्यात, राज्य मंत्रिमंडळानं दिवसाचे नऊचे दहा तास करायला मंजुरी दिली. पण तुला त्याचं काहीच नाही. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदावरच्या माणसांना ती मर्यादा मुळात लागूच नव्हती. म्हणजे मॅनेजर झालीस तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि तू त्या दिवशी कायद्याच्या छपराबाहेर गेलीस. आपल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलंय, कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून. आधी २०१८ मध्ये मांडलं होतं, पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत पास होऊन कायदा झालेला नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबून राहू नकोस.

तू म्हणशील, हे सगळं मला पाठ आहे, तू नवीन काय सांगतोस. बरोबर. तुमच्या ऑफिसात ताण-व्यवस्थापनाची शिबिरं होतात, योगाचा दिवस असतो, डोळे मिटून श्वास घ्यायला शिकवतात. त्या शिबिराच्या वेळातही तू मेल बघत होतीस हे तूच सांगितलंस. तुला माहितीची कमतरता कधीच नव्हती.

मी तुला ‘गावाकडे ये, मोकळी हवा आहे’ असंही म्हणणार नाही. पुण्याची माणसं तसं म्हणतात. फाट्यावर हवा मोकळी नाही, ट्रकांचा धूर आहे. इथंही माणूस दमतो. जूनमध्ये मी पहाटे शटर उघडतो आणि रात्री किती वाजता ओढतो ते बायकोला विचार. गेल्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत आपलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. त्या हंगामात सरकारचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. डागी माल घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो तर त्याच्या जवळपासही कुणी जाईना. हे आम्ही तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू त्याच रात्री पैसे टाकले असतेस आणि दुसऱ्या दिवसापासून दोन तास जास्त बसली असतीस. म्हणजे बघ, इकडं शेतात कमरेएवढं पाणी, तिकडं तुझ्या हाताला सलाईन, आणि फोनवर दोन्ही बाजूंनी ‘सगळं बरं आहे’. बहीण-भावात हे कधीपासून आलं?

कर्जापायी जीव दिलेल्या माणसांच्या घरी मी अण्णांबरोबर भेटायला गेलोय. तिथं एक गोष्ट दर वेळी दिसते. आकडा मोठा नसतो. कित्येकदा इतका लहान असतो की चार नातेवाइकांनी मिळून भागवला असता. पण त्या माणसानं ते देणं कुणाला सांगितलेलंच नसतं, बायकोलासुद्धा नाही. मीच घेतलं, मीच फेडणार, नाहीतर मी कसला माणूस. अशाच एका घरातून परतताना अण्णा मोटारसायकलवर मागं बसून मला म्हणाले होते, ‘तुझी बहीण अशीच आहे.’ मी तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

आता खरं बोचतं ते.

तू २०१३ मध्ये कर्ती झालीस आणि मी सतरा वर्षांचा होतो. नंतर मी परभणीला कृषीची पदवी घेतली, दुकान टाकलं, जीएसटी भरतो, दोन पोरांचा बाप आहे. तुझ्या वहीत मी अजून सतराचाच आहे. मला खताच्या कंपनीचे पैसे द्यायला उशीर झाला हे तुला कुठूनतरी कळलं आणि तू मला न विचारता परस्पर त्यांच्या खात्यावर रक्कम टाकलीस. कंपनीचा माणूस दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘तुमचं काय शेठ, ताई हाय.’ त्या दिवसापासून फाट्यावर हेच चालतं. ट्रॅक्टर घेतला, ताईनं दिला. पोराला इंग्रजी शाळेत घातलं, ताई भरते. ट्रॅक्टरचे हप्ते मी भरलेत, फक्त आगाऊ रक्कम तुझी होती. पण हे मी कुणाकुणाला पावती दाखवत फिरू? तुझं कर्तेपण माझ्या वाट्याचंही खाऊन बसलंय. तू रात्री जागून आम्हाला जे पाठवतेस त्यानं आम्ही सुखी होत नाही. आम्ही तुझ्या झोपेवर जगणारी माणसं होतो. असली माणसं व्हायची आमची इच्छा नव्हती. तू आम्हाला विचारलं नाहीस.

आणि या सगळ्यात तू स्वतः कुठं गेलीस? मला आठवते ती पोरगी सहावीत असताना दूध डेअरीचं कार्ड घेऊन बसायची. फॅट, एसएनएफ, लिटर, दर, सगळं ताडून बघायची. एकदा डेअरीवाल्याची बेरीज अकरा रुपयांनी चुकलेली काढलीस आणि दोन किलोमीटर चालत जाऊन ते अकरा रुपये आणलेस. अण्णांनी ते तुलाच दिले तर तू घेतले नाहीस, म्हणालीस, ‘मला पैसे नको होते, मला ते बरोबर करायचं होतं.’ त्या कामात तुला मजा यायची, म्हणून तू सीए झालीस. घर चालवायला नाही झालीस. घर त्या वेळी दुधावर आणि मोसंबीवर बरं चाललं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नाही, कामाच्या ठिकाणी साठत गेलेल्या ताणाचा परिणाम आहे असं म्हणून तीन खुणा दिल्या: अंगातलं बळ संपणं, कामापासून मन उठणं आणि त्याच्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिली खूण डॉक्टरला दिसली. दुसरी मला दिसली, मागच्या वेळी आलीस तेव्हा. माझ्या थोरल्यानं पाढे म्हणून दाखवले आणि तू म्हणालीस, ‘कशाला शिकतोस रे एवढं, शेवटी गुलामीच करायची.’ पोरगं अजून लहान आहे. त्याला वाटलं आत्याची चेष्टा. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, चेष्टा नव्हती. तो आनंद, ते अकरा रुपये आणायला चालत जाणारी पोरगी, हे आम्ही फेडीत मागितलं होतं का? बोअरच्या बदल्यात ती दिलीस का आम्हाला?

अजून छोट्या-छोट्या गोष्टी आहेत, त्यांची यादी करत नाही. राखी ऑनलाइन येते आणि आतल्या चिठ्ठीवर मजकूर कंपनीनं छापलेला असतो, तेवढी एकच सांगतो. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा तुमच्या टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख जवळ आलेली असते. आईनं ते समजून घेतलंय, ती मुखवट्यांपुढं तुझ्या नावाची साडी ठेवते आणि पुढं शेजारच्या लेकीला देऊन टाकते. मी समजून घेणार नाही.

तू म्हणशील, मार्च होऊ दे. मार्चनंतर कंपन्यांचे निकाल, म्हणजे मे. मग जुलैची विवरणपत्रं, मग सप्टेंबर. तुझ्या पंचांगात उसंत नावाचा महिना नाही, तेव्हा मी मार्च होण्याची वाट बघत नाही.

दोन गोष्टी करतोय. पहिली केलेली आहे. मैत्रिणीनं सांगितलं त्या दिवसापासून तू पाठवलेल्या पैशांना कुणी हात लावलेला नाही. ते आईच्या बचत खात्यावर पडून आहेत. परत पाठवले तर तू पुन्हा पाठवशील म्हणून तिथंच ठेवलेत. पार्टनर न होता, एखाद्या लहान फर्ममध्ये किंवा जालन्यात स्वतःची पाटी लावून बसायचं ठरवलंस तर वर्षभराचं भागेल इतके ते झाले आहेत. जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सीएला काम कमी नाही. पण ते तुझं तू ठरव. काही न करता नुसती झोपलीस तरी पैसे तुझेच आहेत.

दुसरी गोष्ट तू करायची आहे. आमच्या नावानं जे खातं उघडून बसली आहेस, त्याचा उतारा पाठव. तू आम्हाला किती देणं लागतेस, एक आकडा लिही. त्याच्यापुढं ते देणं कशाचं, कधीचं, आणि कुणी मागितलंय तेही लिही. ज्या देण्याला कागद नाही, रक्कम नाही आणि मागणारा कुणी नाही, ते एखाद्या कंपनीच्या वहीत सापडलं असतं तर तू काय शेरा मारला असतास ते मला माहीत आहे. तू ते काढून टाकायला लावलं असतंस, आणि काढल्याशिवाय सही केली नसतीस.

उत्तर लिहून पाठव. अंगठ्याचं चित्र नको.

तुझा धाकटा भाऊ